लाकडं आत, माणूस बाहेर

पावसात छातीवर हाताची घडी घालून उभं राहायचं आणि पावसालाच दम द्यायचा, असा माणूस मी आजवर एकच पाहिला. तो शोधायला मला कुठं जावं लागलं नाही, लग्नात बायकोबरोबर आयताच मिळाला. हे माझ्या बायकोचे मामा. हुंड्याच्या विरुद्ध असल्यामुळे मी सासरहून काही घेतलं नव्हतं, पण मामा हे देण्याघेण्याच्या यादीत येत नाहीत, ते आपोआप येतात. उन्हात आठ दिवस वाळवलेल्या मिरचीसारखा माणूस! तसाच रंग, तसाच बारीक, तसाच टोकाशी वाकलेला, आणि दाताखाली आला तर तसाच. उभी हयात त्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीसमोर काढली होती. ओल्या साच्यात वितळलेलं लोखंड गेलं की पाण्याची वाफ होते, ती वाफ बाहेर पडायला जागा मागते, आणि ती जागा बहुतेक वेळा समोरच्या माणसाच्या तोंडावर असते. म्हणून मामांनी ओलीशी जन्माचं वैर धरलं. साच्याची वाळू मुठीत दाबून बघितल्याशिवाय ते भट्टीचं तोंड उघडू देत नसत. एकदा मालकांचे कोणी बडे पाहुणे भट्टी बघायला आले आणि ऐन वेळी त्यांचा चेहरा शिंक येणाऱ्या माणसासारखा झाला. मामांनी त्यांना बखोटीला धरून थेट फाटकाबाहेर नेऊन उभं केलं. "शिंका तिकडं किती शिंकायच्या त्या," म्हणाले, "हितं कोरडी माणसं लागत्यात." मालक पुढं महिनाभर मामांशी बोलले नाहीत. मामांनी तो महिना आयुष्यातला सर्वांत शांत महिना म्हणून जाहीर केला.

फौंड्रीपुरतं असतं तर ठीक होतं. पण मामा हे वैर डब्यात भरून घरी घेऊन यायचे. अंघोळीनंतरचा ओला टॉवेल त्यांना घरात चालत नसे. तो गच्चीवर, आणि पाऊस असेल तर चुलत भावाच्या गच्चीवर. छत्री मिटून आत येणाऱ्या माणसाला ते छत्रीसकट परत पाठवत. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे हा माणूस रस्सा खात नसे. कोल्हापुरात जन्मून, कोल्हापुरात वाढून, तांबड्या रश्शाच्या वाटीकडे बघून "ही ओल कुणी वाढली?" असं विचारणारा दुसरा मनुष्यप्राणी करवीरनगरीच्या स्थापनेपासून झालेला नाही. भर पंगतीत ते सुकं मटण आणि कोरडी भाकरी खायचे, आणि शेजारी बसलेला माणूस रश्शाचा भुरका मारताना जरा तिकडं सरकायचे, भट्टीतलं वितळलेलं मेटल उडेल म्हणून. आमच्या सासरकडची वडीलधारी मंडळी लग्न ठरवताना मुलीकडच्यांपासून दोन गोष्टी लपवायची: कुणाची मोडलेली सोयरीक, आणि मामांचा रस्सा.

तर असा हा माणूस नव्वदच्या दशकाच्या शेवटाला रिटायर झाला. इतका कोरडा माणूस आता जत-आटपाडीकडे जागा घेईल, गेलाबाजार सोलापूरला जाऊन ऊन खात बसेल, असा आमचा अंदाज. मामांनी जागा घेतली चंदगडला. तीही तालुक्याच्या गावी नाही, तिथून आत, गोव्याच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, काजूच्या झाडांत. ज्यांनी तिथला पाऊस पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही आणि ज्यांनी पाहिला आहे ते अजून वाळलेले नाहीत. तिथं जूनमध्ये सुरू झालेली सर दसऱ्याला थांबते. आगकाडी पेटवायची तर आधी ती तव्यावर शेकावी लागते. पापड कुरकुरीत खायचा म्हटलं तर बेळगाव गाठावं लागतं. मी मामांना म्हटलं, "मामा, तुमचं ओलीशी वैर, आणि घर इथं?"

"पावणं," मामा म्हणाले. ते मला जावईबापू वगैरे कधी म्हणाले नाहीत, पावणंच म्हणायचे. "लांबनं शिव्या कोण बी घालतंय. वैऱ्याच्या दारात जाऊन ऱ्हायला दम लागतोय."

वैऱ्याच्या दारात मामांनी जांभ्या दगडाची एक खोली बांधली. पुढं पडवी, वर मंगलोरी कौलं, आत एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात न्हाणी. तिला ते बंगला म्हणत, मामी खोपटं म्हणत, आणि आम्ही कोण जवळ आहे ते बघून म्हणत असू. बेत असा होता की पावसाळाभर मामा-मामींनी तिथं राहायचं. गॅस न्यायचा नाही. "टाकी हलवून बघा, आत पानी वाजतंय. ओलं सरपण हाय ते!" चूल पेटवायची ती लाकडावर, आणि पावसाळ्याची लाकडं उन्हाळ्यातच भरून ठेवायची. इथपर्यंत सगळं सरळ होतं. प्रश्न एवढाच राहिला की लाकडं ठेवायची कुठं. सामान्य माणसाच्या घरात हा प्रश्न दुपारच्या चहापर्यंत सुटतो. मामांनी तो सहा-सात वर्षं चालवला.

लाकूड पसंत करण्याची त्यांची पद्धत फौंड्रीतलीच. एक लाकूड उचलायचं, कानाजवळ धरायचं, दुसऱ्या लाकडानं ठोकायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. टणटण वाजलं तर कोरडं. त्यावर खडूनं 'ओके'. बद वाजलं तर पोटात ओल, त्यावर 'रिजेक्ट'. रिजेक्ट चुलीत जायचं. ओके जपून ठेवायचं. म्हणजे जे पेटत नाही ते जाळायचं आणि जे पेटतं ते जाळायचं नाही, हा चंदगड तालुक्यातला एकमेव संसार. "मग ओकेवालं जाळायचं कधी?" असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बँकेतली ठेव मोडायला सांगतोय. "येळ आली की," म्हणाले.

पहिल्या वर्षी लाकडं रचली घराच्या बगलेला, पश्चिमेच्या भिंतीला, वळचणीखाली. शेजारचा दत्तू कांबळे कुंपणावर हात टेकून बघत होता. या दत्तूचं भाताचं शेत मामांच्या जागेला लागून, आणि त्याला दिवसातून दोनदा मामांकडे बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. तो म्हणाला, "मामा, पाऊस पश्चिमेकडनंच येतोय की हो."

"त्यो त्याच्या वाटंनं यील, लाकडं माझ्या जागंवर ऱ्हातील."

"त्याची वाट तुमच्या लाकडातनं हाय न्हवं."

"मग त्यानं वाट बदलायची!" मामा आभाळाकडं बघून ओरडले. आभाळाला ते ऐकू गेलं असावं, कारण त्या वर्षी पाऊस वरून पडलाच नाही, आडवा आला. श्रावणापर्यंत लाकडांवर इतकी अळंबी उगवली की दत्तूच्या घरी तीन वेळा कालवण झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात दत्तूची बायको मुद्दाम विचारायला आली, "मामा, औंदा बी लाकडं हितंच ठिवणार न्हवं?"

मामांनी जागा बदलली. मी त्यांना पत्र्याची शेड सुचवली. "पत्र्याला घाम येतोय." ताडपत्री सुचवली. "ताडपत्रीखाली लाकूड गुदमारतंय. तुमाला पोत्यात घालून ठिवलं तर चालंल?" मला चाललं नसतं, म्हणून मी ताडपत्री मागे घेतली. दुसऱ्या वर्षी त्यांनी चुलीवर माळा बांधला. खाली धूर, वर लाकडं. धुरानं ती वाळत राहणार, अशी योजना. योजना चांगलीच होती. तिकडं पुष्कळ घरांतून तशी पद्धत आहे. पण तिथं लोक माळ्यावर आठवड्याची लाकडं ठेवतात. मामांनी पावसाळ्याची ठेवली. मधली तुळई औत ओढून थकलेल्या बैलासारखी आषाढापासूनच खाली वाकू लागली.

आणि नेमक्या त्याच आषाढात मामी पहिल्यांदा राहायला आल्या. मामी म्हणजे कोल्हापुरात नदीकडच्या गल्लीतल्या घरात उभा संसार केलेली बाई. आवाज कमी, शब्द त्याहून कमी, पण एकदा बोलल्या की त्याच्यावर पुनर्विचार नाही. मी त्यांना पोचवायला गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मामी चुलीसमोर बसून भाकरी थापत होत्या. वर तुळई कण्हली. मामा म्हणाले, "काय न्हाय, लाकूड मुरतंय." आणि एक भलंमोठं ओके लाकूड वरून सुटलं ते थेट परातीत. पीठ छतापर्यंत उडालं. त्या लाकडातून एक इंगळी, म्हणजे विंचवाची आमच्याकडची थोरली जात, बाहेर आली, परातीच्या काठावर बसली आणि मामांकडे बघू लागली. मामींच्या केसांवर, भुवयांवर, सगळीकडे पीठ. मामा धावले. ते इंगळीकडे गेले नाहीत, मामींकडेही नाही. त्यांनी लाकूड उचललं, पुसलं, कानाशी धरून ठोकलं आणि आनंदानं ओरडले, "पडून बी वाजतंय बघा!"

मामी उठल्या. इंगळी परातीसकट बाहेर टाकली, तोंड धुतलं आणि पिशवी भरायला घेतली. पिशवी भरून झाल्यावर म्हणाल्या, "ऐका. ज्या दिवशी ही लाकडं घराभाईर जातील, त्या दिवशी मी घरात यीन. तंवर न्हाय."

"लाकडं घराभाईर जाणार न्हाईत," मामा म्हणाले.

"बरं," मामी म्हणाल्या, आणि आम्ही दुपारच्या एसटीनं परत आलो. गडहिंग्लजपर्यंत मामी खिडकीतून बाहेर बघत होत्या. तिथं गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्येंनी माझ्यासाठी न्हाणीला पूर्वेकडं खिडकी ठिवलीया. माज्या माहेरी होती तशी. बघितली का?" मी बघितली नव्हती. माळ्यावर न मावलेली लाकडं तिच्यासमोर आडवी होती.

यानंतर कोणीही शहाणा माणूस लाकडं बाहेर काढेल. मामांनी उरलेलीही आत घेतली. माळा उतरवला आणि भिंती धरून थर रचायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी एक भिंत गेली, मग दुसरी, मग तिसरी. चूल पडवीत आली. खाट पडवीत आली. देवसुद्धा पडवीत आले आणि जमेल तितके कोरडे राहू लागले. पावसाळ्यात गेलो की दिसायचं ते असं: आत ऐसपैस, कोरडीठाक, दार लावून बसलेली लाकडं, आणि बाहेर पडवीत, अंगावर घोंगडं घेऊन, समोर रिजेक्ट लाकडाचा धूर गिळत, तांबड्या डोळ्यांनी आडव्या पावसाला शिव्या घालणारा घराचा मालक. दत्तू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "ह्ये घर लाकडांचं. ह्ये हितं राखणीला असत्यात."

मी दरवर्षी दोन्हीकडे वकिली करायचो. मामींना म्हणायचो, जरा पडतं घ्या. त्या म्हणायच्या, "घेतलं असतं. पर पडलं काय ते तुमी बघितलंय." मामांना म्हणायचो, लाकडं हलवा. ते म्हणायचे, "तिला सांगा, ओल्या लाकडाच्या धुरानं तिला दम लागतोय. लगीन झाल्यापास्नं लागतोय. म्हनून कोरडं करून ठिवलंय सगळं. आन ती म्हंती भाईर काढा! काढलं तर भिजनार. भिजलं तर धूर. धूर झाला तर ती खोकनार. मग आणून उपेग काय तिला?" मी म्हटलं, "हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?" मामा उखडले, "सांगायचं काय त्यात? इतक्या वर्सात कळाय नगो?" हे दोघं एकमेकांचं बोलणं माझ्यामार्फत ऐकत आणि माझ्यावर विश्वास ठेवत नसत. तो कट्टर बाणा बघून मला वाटायचं, ह्यांच्यात एखादा शरण आला तर दुसरा त्याच्यावर रागावेल.

मग ते महापुराचं वर्ष आलं. पंचगंगा गल्लीत शिरली. पहिल्या दिवशी मामी पायरीवर बसून पाण्याकडे बघत होत्या, दुसऱ्या दिवशी पायरी नव्हती. नातेवाइकांच्या माड्या माणसांनी भरलेल्या. आम्ही म्हटलं, आमच्याकडे चला. मामींनी नेसूचं एक पातळ पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "भिजायचंच हाय तर माझ्या घरात भिजती. चंदगडाला सोडा." रस्ते बंद व्हायच्या आत सुटलेल्या एका जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो. पोचलो तेव्हा मामींच्या अंगावर कोरडं असं फक्त कपाळावरचं कुंकू होतं, कारण ते गोंदलेलं होतं.

मामा पडवीत होते. त्यांनी मामींकडे बघितलं. नखशिखान्त निथळणारी बाई, त्यांच्या उंबऱ्यात! आयुष्यभर ओली छत्री घरात न घेतलेला माणूस. पडवीत तर पाऊस येऊन-जाऊन होता. मामा घाईघाईनं आत गेले आणि आतून लाकडांची आदळआपट ऐकू आली. थोड्या वेळानं दार उघडून म्हणाले, "या. झाली जागा." त्यांनी काय केलं होतं? लाकूड बाहेर न काढता जागा केली होती. सगळे थर सपाट करून खोलीभर कमरेइतका उंच लाकडांचा ओटा रचला होता, आणि वर मधोमध गादी घातली होती. "अख्ख्या तालुक्यात असली कोरडी गादी मिळायची न्हाय," ते अभिमानानं म्हणाले. "चढ वर."

मामींनी त्या ओट्याकडे बघितलं. लांबी बघितली, रुंदी बघितली, गादी बघितली. पदराचं पाणी पिळलं आणि म्हणाल्या, "आवं, अजून जीव हाय माझ्यात. आत्ताच लाकडावर घालताय व्हय?"

दत्तू दारात उभा होता, तो फस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात घेतला. मामांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी ओट्याकडे बघितलं. आपण काय रचलंय ते त्यांना तेव्हा दिसलं असावं. मग पुढं होऊन त्यांनी गादी काढून मामींच्या हातात दिली आणि लाकडं उचलून दारातून बाहेर फेकायला सुरुवात केली. एका वेळी दोन-दोन, तीन-तीन. ओके, ओके, ओके. बाहेर तो आडवा पाऊस, आणि त्यात मामांनी इतक्या वर्षांत वाळवलेली लाकडं धाडधाड पडत होती. मी आणि दत्तू मदतीला गेलो तर ओरडले, "हात लावायचा न्हाय! माझी हाईत! भिजू द्या!" आणि मग बाहेर तोंड करून पावसाला, "घे! गिळ! पोट भरलं का तुझं?"

"बास," मामी म्हणाल्या. "थोडी ठेवा. च्या करायचाय."

त्या दिवशी पहिल्यांदा ओके लाकूड चुलीत गेलं. मी खोटं सांगत नाही, ते पेटलं नाही, ते हसलं. धुराचा पत्ता नाही. मामींना एकदाही खोकला आला नाही. मामा चुलीपाशी बसून त्यांच्याकडे चोरून बघत होते, भट्टीत लोखंडाचा पहिला रस आल्यावर बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी मामींनी न विचारता लाकडांची जागा ठरवली. पडवीच्या पश्चिमेच्या उघड्या बाजूला, जमिनीवर दगड मांडून, लाकडांची भिंतच उभी केली. बाहेरचा थर भिजायचा तो भिजतो, आतला कोरडा राहतो, आणि आडवा पाऊस पडवीत येत नाही तो नाहीच. मामा दोन दिवस त्या भिंतीभोवती फिरले, ठोकून बघितलं, आणि शेवटी मला म्हणाले, "मी पयल्यापास्नं काय म्हनत हुतो? पश्चिमंला ठिवा!"

पुढचे काही पावसाळे त्या घरात दोन माणसं राहिली. खोली माणसांची झाली, देव आत आले. मामांनी खडू सोडला नाही. रिजेक्ट जळायचं, ओके शिलकीत पडायचं, पण मामींना दम लागल्याचं दिसलं की ते काही न बोलता भिंतीतून एक ओके उपसायचे. दोन हजार दहाच्या आसपास कधीतरी, एका लग्नासाठी दोघं कोल्हापुरात आले असताना, रणरणत्या चैत्रात, जेवणाच्या पंगतीला सुकं मटण आहे याची खात्री करून घेतल्यावर, मामा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हवेत तेव्हा ओलीचा एक थेंब नव्हता. त्यांनी दिवस निवडूनच घेतला म्हणायचं.

मी भारावून जाऊन मामींना म्हटलं, "टेम्पो घेऊन जातो. त्यांची ओके लाकडं आणतो. त्यांना दुसरं काय लावायचं?"

मामींनी डोळे पुसले आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "एक ढलपी हलली तर बघा. ती मला पावसाळ्याला लागणार हाईत. मी तितंच ऱ्हानार."

त्यामुळे जन्मभर लाकडं वाळवलेला हा माणूस पंचगंगेच्या काठावर, चार कोल्हापूरकर जातात तसा, शेणीवर, म्हणजे गोवऱ्यांवर, गेला. शेणी मात्र आम्ही एकेक मुठीत दाबून बघून घेतल्या.

यंदा मृगाच्या तोंडावर मी मामींना भेटायला गेलो होतो. सगळ्यांनी परोपरीनं सांगून झालंय: वय झालं, दम्याचं दुखणं, एकट्या कशा राहता, गॅस तरी घ्या. मामी कुणाचं ऐकत नाहीत. दत्तू आता रोज दोनदा त्यांच्याकडे बघतो. लाकडांची भिंत जागेवर आहे, आतल्या थरावर मामांच्या हातचा खडू अजून दिसतो. मामींनी माझ्यासमोर एक लाकूड उपसलं, कानाशी धरलं, ठोकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि परत होतं तसं ठेवलं. मग चहासाठी रिजेक्टमधलं एक ओढलं. मी त्या भिंतीला पाठ टेकून बसलो होतो.

मामींनी चुलीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"पावणं, डोळं पुसा आन जरा हिकडं सरकून बसा," म्हणाल्या. "लाकडाजवळ ओल चालत न्हाय आमच्यात."